सनफ्लॉवर काउंटीतील शेती-अनुदान आणि त्याचे धनी

शेतीला सरकारने द्रव्यसाहाय्य करावे की करू नये, या प्रश्नावर गेल्या शंभर वर्षांत पुष्कळ वाद झाले, ग्रंथ झाले, निवडणुकाही लढविल्या गेल्या. परंतु एकदा मंजूर झालेले द्रव्य सरकारी खजिन्यातून निघाल्यावर अखेर कोणाच्या पदरात पडते, हा दुसरा आणि माझ्या मते अधिक मूलभूत प्रश्न मात्र बहुधा हिशेबतपासनिसांवर सोपविला गेला. संबंध देशाचे आकडे समोर ठेवून या प्रश्नाचा विचार करू गेल्यास हाती सरासरीपलीकडे काही लागत नाही, आणि सरासरीच्या आड बडा जमीनदारही लपतो आणि मजूरही लपतो. म्हणून एखादा लहानसा मुलूख घ्यावा, तेथील जमीन कोणाची, तिच्यावर राबणारे कोण, दप्तर कोणाच्या ताब्यात आहे हे आधी पाहावे आणि मग पैशाचा माग काढावा, हीच रीत मला श्रेयस्कर वाटते. या कामासाठी मी अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातील सनफ्लॉवर काउंटी निवडली आहे. काउंटी म्हणजे तेथील स्थानिक कारभाराचा घटक. विस्ताराने आपल्या जिल्ह्याहून बराच लहान, परंतु स्वतःचे न्यायालय, स्वतःचे नोंदणी-दप्तर आणि स्वतःचे निवडलेले मंडळ असलेला. अमेरिकन शेती-अनुदानाच्या नव्वद वर्षांच्या इतिहासातील जवळजवळ प्रत्येक पर्वाचा पुरावा सनफ्लॉवरच्या सुमारे ७०० चौरस मैलांत सापडतो. शिवाय जे पीक या काउंटीच्या उत्कर्षाचे आणि दैन्याचे कारण झाले, ते आपल्या वऱ्हाड-खानदेशाचेही पीक आहे.

मिसिसिपी आणि याझू या दोन नद्यांच्या दरम्यानचा, शतकानुशतकांच्या पुरांनी गाळ आणून भरलेला जो सखल प्रदेश आहे, त्याला तेथील लोक 'डेल्टा' म्हणतात. अमेरिकेतील यादवी युद्धापर्यंत त्याचा बराच भाग अरण्य आणि दलदल होता. ज्या दास्यविमोचनाच्या कार्याबद्दल जोतीराव फुले यांनी १८७३ साली आपले 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केले, त्या विमोचनानंतरच्या दोन पिढ्यांत हे अरण्य तुटले, नद्यांना बांध पडले आणि कापसाचे अफाट मळे उभे राहिले. तोडणारे, बांधणारे आणि पेरणारे हात बहुतांशी कृष्णवर्णीयांचे होते, मालकीचे दस्तऐवज मात्र बहुतांशी गोऱ्यांच्या नावे झाले. बेड्या गेल्या आणि त्यांच्या जागी अर्धेल आली. मळेवाल्याने जमीन, खेचर, अवजारे आणि बियाणे द्यायचे, कुटुंबाने वर्षभर राबायचे आणि पीक अर्धे-अर्धे वाटून घ्यायचे, असा करार असे. मार्चपासून कापूस येईपर्यंत पोटाला लागणारे पीठ, मीठ, चरबी, कापड मळ्याच्याच दुकानातून उधारीवर मिळे, आणि डिसेंबरात सरकी काढून रुई विकली गेली की मळ्याच्या कचेरीत हिशेब होई. वही मालकाची, वजन मालकाचे, भाव मालकाने सांगितलेला, व्याजाची आकारणीही मालकाचीच. १९३० च्या दशकात हॉर्टेन्स पावडरमेकर आणि जॉन डॉलर्ड हे दोन अभ्यासक काउंटीचे मुख्य ठिकाण असलेल्या इंडियानोला गावी राहून गेले. पावडरमेकर यांच्या अंदाजाप्रमाणे वर्षाअखेर प्रामाणिक हिशेब मिळणारे अर्धेलकरी शेकडा पंचवीस-तीसांहून अधिक नव्हते, आणि डॉलर्ड यांनी तर तेथील समाजरचना जातिसंस्थेच्याच परिभाषेत वर्णन केली. अनुदान आले ते या रचनेत आले, हे ध्यानात ठेवल्यावाचून पुढचे काहीच नीट उमगत नाही.

१९२९ साली पौंडाला सोळा-सतरा सेंट असलेला कापसाचा भाव १९३२ मध्ये सहा सेंटांच्या आसपास उतरला. अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या सरकारने मे १९३३ मध्ये जो शेती-समायोजन कायदा केला, त्याचे मुख्य तत्त्व असे की, पीक कमी केल्याने भाव चढेल, आणि जो खातेदार पीक कमी करील त्याला सरकार मोबदला देईल. कायदा झाला तेव्हा कापूस उगवून वर आलेला होता. म्हणून त्या उन्हाळ्यात दक्षिणेतील सुमारे एक कोटी एकरांवरचा उभा कापूस नांगराखाली घालण्यात आला. कापसाच्या ओळीवर पाय पडू द्यायचा नाही, दोन ओळींच्या मधूनच चालायचे, अशी ज्या खेचरांना जन्मभर शिकवण होती, ती खेचरे झाडे तुडवायला तयार होईनात, अशी हकिकत त्या वर्षाच्या अनेक वृत्तांतांत आढळते. माणसांना असा नकार देण्याची सोय नव्हती. पुढच्या दोन वर्षांच्या करारात मोबदल्याची जी वाटणी ठरली, ती अशी : न पिकविलेल्या कापसाच्या प्रत्येक पौंडामागे चार सेंट मालकाला आणि अर्धा सेंट अर्धेलकऱ्याला. पिकात निम्मा वाटा असणाऱ्याला अनुदानात नववा वाटा! तोही बहुधा मालकाच्या हातून, आणि मागील बाकी वळती करून घेतल्यावर.

या कराराच्या सातव्या कलमात मालकाने आपल्या मळ्यावरील कुळांची संख्या शक्य तोवर पूर्वीइतकीच ठेवावी, असे घातलेले होते. 'शक्य तोवर' या पळवाटेतून हजारो कुटुंबे बाहेर घालविली गेली. जुलै १९३४ मध्ये मिसिसिपी नदीपलीकडच्या आर्कान्सा राज्यात, टायरोन्झा येथे, गोऱ्या आणि कृष्णवर्णीय अर्धेलकऱ्यांनी एकत्र येऊन दक्षिणी कूळ-शेतकरी संघ स्थापन केला आणि हे गाऱ्हाणे वॉशिंग्टनपर्यंत नेले. कृषिखात्यातील जेरोम फ्रँक आणि त्यांच्या तरुण वकील-सहकाऱ्यांनी सातव्या कलमाचा अर्थ कुळांच्या बाजूने लावण्याचा यत्न केला, तेव्हा फेब्रुवारी १९३५ मध्ये त्या अधिकाऱ्यांनाच नोकरीतून काढण्यात आले. त्याच सुमारास हा कायदा राबविणाऱ्या समायोजन खात्याच्या अर्थविभागाची सूत्रे ऑस्कर जॉन्स्टन यांच्याकडे होती, आणि हे जॉन्स्टन सनफ्लॉवरला लागून असलेल्या बोलिव्हर काउंटीतील, ब्रिटिश भांडवलदारांच्या मालकीच्या, अमेरिकेतील सर्वांत मोठ्या कापूसमळ्यांपैकी एकाचे व्यवस्थापकही होते. पैसे देणारा आणि पैसे घेणाऱ्यांचा प्रमुख असा एकाच खुर्चीवर बसला. १९३६ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा घटनाबाह्य ठरविला. परंतु मृदसंधारणाच्या नावाने त्याच वर्षी आणि नव्या समायोजन कायद्याच्या रूपाने १९३८ मध्ये तीच व्यवस्था पुन्हा उभी राहिली.

मालकाच्या हाती आलेल्या या रोकडीचे काय झाले, याचे उत्तर डेल्टाच्या शिवारात दिसू लागले. अर्धेलकरी ठेवला तर त्याला अनुदानात वाटा द्यावा लागे, रोजंदारीचा मजूर ठेवला तर लागत नसे. म्हणून अर्धेलकऱ्याचा मजूर झाला आणि वाचलेल्या पैशातून ट्रॅक्टर आले. २ ऑक्टोबर १९४४ रोजी क्लार्क्सडेलजवळच्या हॉप्सन मळ्यावर इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीची कापूसवेचणी यंत्रे लोकांसमोर चालविली गेली. हाताने एक गाठ वेचायला एकोणचाळीस डॉलरांहून अधिक खर्च येई, यंत्राने तो सव्वापाच डॉलरांवर आला. त्यापुढील पंचवीस वर्षांत डेल्टाची माणसे शिकागो, डेट्रॉइट, सेंट लुइसकडे लोटली. १९३० च्या शिरगणतीत सनफ्लॉवर काउंटीत ६६,००० हून अधिक माणसे होती, २०२० मध्ये ती २६,००० च्या आसपास उरली. यंत्र आज ना उद्या येणारच होते, हे मला मान्य आहे. परंतु ते विकत घेण्याचे बळ एका पक्षाला सरकारी खजिन्यातून मिळाले आणि दुसऱ्या पक्षाला गाव सोडण्यापुरताही मोबदला मिळाला नाही, हा निसर्गनियम नव्हता, तो धोरणाचा परिणाम होता.

येथे दप्तराविषयी थोडे सविस्तर लिहिणे अगत्याचे आहे, कारण सत्ता तेथे असते. कोणत्या शेतावर किती एकर कापूस लावण्याची मुभा, त्या शेताचे प्रमाण-उत्पन्न किती धरायचे, तक्रार आली तर कोणाचे खरे मानायचे, हे सर्व काउंटीतील शेतकऱ्यांनी निवडलेली तीन जणांची समिती ठरवी. कल्पना लोकशाहीची होती आणि तिच्या प्रवर्तकांचा हेतू मी शंकास्पद मानीत नाही. पण ज्या काउंटीत कृष्णवर्णीयांची संख्या गोऱ्यांहून कितीतरी अधिक असूनही मताधिकाराच्या वयाच्या कृष्णवर्णीयांपैकी शेकडा दोघांचीही नावे मतदार-यादीत नव्हती, तेथे समितीच्या निवडणुका कशा होत असतील हे निराळे सांगायला नको. अमेरिकेच्या नागरी हक्क आयोगाने १९६५ च्या अहवालात दक्षिणेतील या समित्यांच्या एकवर्णीयतेवर बोट ठेवले. त्यांच्या वर वॉशिंग्टनमध्ये अर्थसंकल्पाच्या किल्ल्या होत्या, त्याही मिसिसिपीकरांच्याच कमरेला : प्रतिनिधिगृहातील कृषि-विनियोग उपसमितीचे अध्यक्षपद जेमी व्हिटन यांनी १९४९ पासून १९९२ पर्यंत, मधला अल्प काळ सोडल्यास, सांभाळले, मंत्री आले आणि गेले, व्हिटन राहिले.

सनफ्लॉवर काउंटीचे दोन रहिवासी समोरासमोर ठेवले म्हणजे ही व्यवस्था एका दृष्टिक्षेपात कळते. डॉड्सव्हिल येथे सेनेटर जेम्स ईस्टलंड यांचा पाच हजार एकरांहून मोठा मळा होता. ते १९५६ पासून १९७८ पर्यंत सेनेटच्या न्यायविषयक समितीचे अध्यक्ष होते, कृषिसमितीचेही सभासद होते, आणि नागरी हक्कांचे प्रत्येक विधेयक अडविण्यात त्यांनी आपली सारी हयात घालविली. त्यांच्या गावापासून थोड्याच मैलांवर, रूलव्हिलजवळच्या एका मळ्यावर, फॅनी लू हेमर या अठरा वर्षे कापूस वेचीत होत्या आणि मजुरांच्या वेळेची व वजनाची नोंद ठेवीत होत्या. ३१ ऑगस्ट १९६२ रोजी मतदार म्हणून नाव नोंदविण्यासाठी त्या इंडियानोलाच्या कचेरीत गेल्या. त्याच दिवशी मळेवाल्याने त्यांना घराबाहेर काढले. त्या हिवाळ्यात शेजारच्या लेफ्लोर काउंटीच्या मंडळाने, मतनोंदणीची चळवळ चिरडण्यासाठी, गरिबांना वाटायचे सरकारी धान्यच बंद केले. हे धान्य कोठले? भाव टिकविण्यासाठी सरकारने खरेदी केलेल्या शिलकी साठ्यातले. १९५४ च्या पब्लिक लॉ ४८० खाली जो गहू पुढे मुंबई बंदरात उतरून आपल्या रेशनच्या दुकानांतून गेला, तोही त्याच धोरणाचे फळ होता. म्हणजे शेतमालाचा भाव चढा ठेवणारा हात आणि भुकेल्याच्या तोंडचा घास काढणारा हात यांच्यामध्ये फक्त एका काउंटी-मंडळाचा ठराव होता.

१९६५ च्या कायद्याने कापसाचे क्षेत्र आणखी घटविले आणि पडीक ठेवलेल्या जमिनीला मोबदला दिला. फेब्रुवारी १९६७ पासून शेतमजुरालाही किमान वेतन, तासाला एक डॉलर, लागू झाले. दोहोंचा मिळून परिणाम असा की, खुरपणीला लागणारी माणसे जवळजवळ एका हंगामात निरुपयोगी ठरली. तणनाशक त्यांच्याहून स्वस्त पडले. एप्रिल १९६७ मध्ये सेनेटर रॉबर्ट केनेडी आणि जोसेफ क्लार्क डेल्टात आले आणि त्यांनी उपाशी मुले डोळ्यांनी पाहिली. त्याच वर्षी मोठमोठ्या रकमा घेणाऱ्यांच्या ज्या याद्या वॉशिंग्टनमध्ये बाहेर आल्या, त्यांत ईस्टलंड यांच्या मळ्याची वर्षाची रक्कम एक लाख डॉलरांहून अधिक होती. हेमरबाईंनी १९६९ मध्ये देणग्यांच्या आधारावर चाळीस एकर जमीन घेऊन 'फ्रीडम फार्म' ही सहकारी संस्था काढली. गरीब कुटुंबाने एक मादी डुक्कर न्यावी आणि वीत झाल्यावर दोन पिले परत आणून द्यावीत, म्हणजे ती दुसऱ्या कुटुंबाला देता येतील, अशी तिची एक योजना होती. संस्थेने पुढे आणखी ६४० एकर घेतले, परंतु हप्ते आणि कर भागेनात, पूर आणि दुष्काळ सोसवेनात, आणि १९७० च्या दशकाच्या मध्यावर जमीन हातची गेली. मार्च १९७७ मध्ये हेमरबाई निवर्तल्या. पडीक जमिनीला मोबदला देणाऱ्या सरकारपाशी पिकत्या सहकारी शेताला सावरण्यासाठी काही नव्हते, याचा मला आजही संताप येतो, आणि तो लपविण्याचे कारण दिसत नाही.

१९६७ च्या त्या याद्यांमुळे लोकमत खवळले आणि १९७० च्या कायद्याने पहिली कमाल मर्यादा आली : एका व्यक्तीला एका पिकासाठी ५५,००० डॉलर. १९७३ मध्ये ती सर्व पिके मिळून २०,००० वर आणण्यात आली. मर्यादा व्यक्तीला होती, जमिनीला नव्हती. म्हणून व्यक्ती वाढविण्यात आल्या. पती, पत्नी, मुले, भावंडे, विश्वस्तनिधी, कंपनी, त्या कंपनीची भागीदारी आणि त्या भागीदारीतील दुसरी कंपनी, अशा शाखांवर शाखा काढून एकाच मळ्याचे अनेक कागदोपत्री मळे केले गेले. या रचनेला १९८० च्या दशकात अमेरिकेत नावच पडले 'मिसिसिपी ख्रिसमस ट्री'. १९८७ च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनच संस्थांतून रक्कम घेता येईल असे केले आणि २००८ च्या कायद्याने रक्कम सरळ त्या त्या माणसाच्या नावावर मोजण्यास आरंभ केला. परंतु भागीदारी पेढीतील प्रत्येक भागीदार, तो 'शेतीत सक्रिय' असल्याचे दाखविले की, स्वतंत्र मर्यादेस पात्र राहिला, आणि सक्रियतेला चिखलात पाय घालावाच लागतो असे नाही, दुरून केलेली व्यवस्था आणि सल्लाही त्यासाठी पुरेसा ठरत आला. मर्यादा कडक करण्याचे यत्न सेनेटमध्ये वेळोवेळी झाले. ते हाणून पाडणाऱ्यांत मिसिसिपीचे थॅड कॉकरन, जे २००३ पासून दोन वर्षे कृषिसमितीचे अध्यक्षही होते, अग्रभागी असत.

१९९६ चा कायदा शेतकऱ्याला सरकारी बंधनातून मोकळे करण्याच्या घोषणेने आला. पेरणीवरील निर्बंध उठले. त्यांच्या जागी आधीच्या वर्षांतील नोंदीवरून ठरलेले 'बेस एकर' आले, आणि त्या एकरांवर रक्कम मिळू लागली, मग तेथे कापूस पेरा, सोयाबीन पेरा किंवा काहीच पेरू नका. २००० सालापासूनच्या काही वर्षांत शेती मुळीच न करणाऱ्या लोकांना अशा रीतीने १.३ अब्ज डॉलर गेल्याचे 'वॉशिंग्टन पोस्ट' पत्राने २००६ मध्ये दाखवून दिले. ही थेट रक्कम २०१४ मध्ये बंद झाली, परंतु बेस एकराची कल्पना कायम राहिली. आजचा हिशेब असा चालतो : ज्या शेताच्या नावे कापसाचे एक हजार बेस एकर आहेत, त्यांतले ८५० धरायचे, एकरी नोंदलेले उत्पन्न, समजा, २,००० पौंड, कायद्यातील संदर्भ-भाव आणि बाजारभाव यांत पाच सेंटांचे अंतर पडले, तर रक्कम ८५,००० डॉलर. या गुणाकारात एकर आहेत, पौंड आहेत, सेंट आहेत. त्या शेतावर किती माणसांचे पोट चालते, याला त्यात जागा नाही. खंडाने कसणाऱ्याला ही रक्कम कायद्याने मिळू शकते हे खरे, पण पुढच्या करारात मालक खंड वाढवितो आणि जमिनीची किंमतही त्या मानाने चढते, हे अर्थशास्त्रज्ञांनी वारंवार दाखविले आहे.

कोणाला किती मिळाले, ही माहिती सामान्य नागरिकाला मिळू लागली ती न्यायालयीन लढ्यानंतर. एन्व्हायर्न्मेंटल वर्किंग ग्रुप या संस्थेने २००१ मध्ये काउंटीवार, नावनिशीवार याद्या प्रसिद्ध केल्या, तेव्हा शेजाऱ्याला शेजाऱ्याची रक्कम प्रथमच कळली. तिच्या मांडणीप्रमाणे १९९५ पासून पिकांच्या अनुदानापैकी सुमारे तीन चतुर्थांश रक्कम वरच्या दहा टक्के घेणाऱ्यांकडे गेली आहे. मात्र गेल्या काही दशकांत मदतीचा मोठा ओघ पीकविम्याकडे वळला, आणि तेथे पुन्हा पडदा आहे. विम्याच्या हप्त्याचा सरासरी साठ टक्क्यांहून अधिक भाग सरकार भरते. त्याला कमाल मर्यादा नाही, उत्पन्नाची अट नाही, आणि घेणाऱ्याचे नाव कायद्यानेच गुप्त. २०१८-१९ मध्ये चीनशी व्यापारयुद्ध पेटले तेव्हा भरपाई म्हणून जे सुमारे २३ अब्ज डॉलर वाटले गेले, त्यांत २०१९ सालचा दर काउंटीनिहाय एकरी १५ पासून १५० डॉलरपर्यंत होता, आणि वरचे दर बव्हंशी दक्षिणेतील कापूसकाउंट्यांच्या वाट्याला आले.

कृष्णवर्णीय शेतकऱ्याचे काय झाले? १९२० मध्ये अमेरिकेत त्यांची सव्वानऊ लाखांहून अधिक शेते होती. १९९७ मध्ये ती वीस हजारांहून कमी उरली. कर्जाचा अर्ज महिनोन्‌महिने पडून राहायचा, पेरणी उलटल्यावर मंजूर व्हायचा, मंजूर झाला तरी रकमेवर अधिकाऱ्याची देखरेख, आणि शेवटी तारण जमिनीचा लिलाव. या तक्रारींवरून पिगफर्ड खटला उभा राहिला आणि १९९९ मध्ये सरकारने तडजोड केली. बहुतेक यशस्वी दावेदारांना प्रत्येकी ५०,००० डॉलर मिळाले. जमीन मिळाली नाही. २०२१ च्या कायद्यातील कर्जमुक्तीची तरतूद न्यायालयात अडकली आणि रद्द झाली. तिच्याऐवजी २०२२ मध्ये भेदभावग्रस्तांसाठी निधी ठेवला गेला, त्यातून जुलै २०२४ मध्ये ४३,००० हून अधिक लोकांना सुमारे दोन अब्ज डॉलर दिले गेले, आणि घेणाऱ्यांत मिसिसिपी व अलाबामा यांचे लोक सर्वाधिक होते. आणखी एक अडचण कमी बोलली जाते. आजोबा मृत्युपत्र न करता वारले, जमीन सर्व वारसांची अविभक्त राहिली, कोणी शिकागोत, कोणी डेट्रॉइटमध्ये. आता कसणाऱ्या नातवापाशी स्वच्छ मालकीचा कागद नाही, कागद नाही म्हणून कृषिकचेरीत शेत-क्रमांक नाही, आणि क्रमांक नाही म्हणून कोणतीच योजना नाही. वारसनोंद रखडलेल्या सामाईक सातबाऱ्यापायी तहसील कचेरीचे उंबरे झिजविणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला हे दुःख सांगावे लागणार नाही. २०१८ च्या कायद्याने अशा जमिनीसाठी पर्यायी दाखले ग्राह्य धरले, ही अलीकडची एक खरोखर चांगली सुधारणा होय.

मळेवाल्यांची बाजूही मांडली पाहिजे. त्यांचे म्हणणे असे की, मोठे शेत मोठे नुकसानही सोसते; एक वेचणी यंत्र घ्यायचे तर लाखो डॉलरांचे कर्ज उचलावे लागते; चीन आणि इतर देश आपल्या कापसाला आधार देतात, मग आम्हीच उघड्यावर का राहावे? यात तथ्य आहे. भाताचा, कापसाचा, सोयाबीनचा भाव त्यांच्या हातात नाही आणि पूर काही मालकीचा कागद पाहून येत नाही. परंतु हा युक्तिवाद आधार का द्यावा हे सांगतो. तो एकराच्या प्रमाणात आणि जवळजवळ अमर्याद का द्यावा, हे सांगत नाही. शिवाय इतक्या आधारानंतर काउंटीची प्रकृती काय आहे? तिथे आजही दर दहांमागे सुमारे तीन माणसे दारिद्र्यरेषेखाली आहेत. २०२१ मध्ये इंडियानोला परिसरातील काही कृष्णवर्णीय शेतमजुरांनी फिर्याद दाखल केली की, तात्पुरत्या परवान्यावर आणलेल्या गोऱ्या दक्षिण आफ्रिकी मजुरांना तासाला अकरा डॉलरांहून अधिक दिले गेले आणि त्यांनाच शिकवून तयार करणाऱ्या आम्हां स्थानिकांना सव्वासात-सव्वाआठ. पुढच्या वर्षी ते प्रकरण तडजोडीने मिटले.

या रकमांचे पडसाद काउंटीच्या वेशीवर थांबत नाहीत. २००१-०२ मध्ये जागतिक बाजारात कापूस पौंडाला चाळीस सेंटांच्याही खाली गेला असताना अमेरिकेच्या सुमारे २५,००० कापूसउत्पादकांना सरकारकडून तीन अब्ज डॉलरांहून अधिक मिळाले. त्यामुळे त्यांनी पेरा आटोपता घेतला नाही, आणि भावाचा सगळा भार ज्यांना आधार नव्हता त्यांच्यावर, म्हणजे माली-बुर्किना फासोच्या आणि यवतमाळ-अमरावतीच्या शेतकऱ्यावर पडला. आमची १९७२ पासूनची एकाधिकार खरेदी योजना त्याच सुमारास तोट्याच्या ओझ्याने मोडकळीस आली. तिच्या आजाराला घरची कारणेही होती, परंतु हे बाहेरचे कारण विसरून चालणार नाही. ब्राझीलने सप्टेंबर २००२ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत फिर्याद केली, भारत त्यात तिसरा पक्ष म्हणून हजर होता, आणि २००५ मध्ये अपिलातही अमेरिका हरली. तरीही कायदा मुळापासून बदलण्याऐवजी अमेरिकेने २०१० मध्ये ब्राझीलच्या कापूसक्षेत्राला वर्षाला १४.७३ कोटी डॉलर देण्याचे मान्य केले, आणि २०१४ मध्ये आणखी ३० कोटी देऊन प्रकरण मिटविले. त्याच वर्षी अनुदानपात्र पिकांच्या यादीतून काढलेला कापूस फेब्रुवारी २०१८ मध्ये सरकीसह कापसाच्या नावाने परत आत आला.

माझा निर्णय स्पष्ट आहे. शेतीला आधार द्यावा; पण तो एकरावर न देता कसणाऱ्या कुटुंबावर द्यावा, आणि विमा धरून सर्व प्रकारच्या मदतीला मिळून एकच मर्यादा असावी. भागीदारांच्या संख्येने मर्यादा गुणली जाऊ नये. मजुरी आणि घरे यांच्या अटी पाळल्याचा दाखला असल्यावाचून मोठी रक्कम देऊ नये. घेणाऱ्याचे नाव व रक्कम, विम्यासकट, गावच्या चावडीवर लागावी इतकी उघड असावी. यांतली एकही गोष्ट अशक्य नाही. प्रत्येकीचा मसुदा अमेरिकेच्या विधिमंडळात कधी ना कधी मांडला गेला आहे.

घडले आहे ते मात्र उलट. ४ जुलै २०२५ रोजी अमेरिकेत अमलात आलेल्या कायद्याने सरकीसह कापसाचा संदर्भ-भाव पौंडाला ३६.७ वरून ४२ सेंटांवर नेला, व्यक्तीची मर्यादा १,२५,००० वरून १,५५,००० डॉलर केली, काही प्रकारच्या कंपन्यांतही भागीदारागणिक स्वतंत्र मर्यादा मान्य केली आणि तीन कोटी एकरांपर्यंत नव्या बेस एकरांची वाट मोकळी केली. त्याच वर्षी १९ ऑगस्टपासून भारत सरकारने कापसाच्या आयातीवरील ११ टक्के शुल्क उठविले आणि ती सूट पुढे ३१ डिसेंबरपर्यंत वाढविली. त्या हंगामात मध्यम धाग्याच्या कापसाचा आपला हमीभाव क्विंटलला ७,७१० रुपये होता, आणि सूट चालू असतानाच वऱ्हाडात वेचणी सुरू झाली होती.